ऐकू आलं की बोट वर

चष्म्याच्या जुन्या घरात कापूस होता, कापसात कानाचं यंत्र होतं आणि यंत्रात वाळू होती. वाळू नसती तर ते ठेवून घेऊन, चिठ्ठीवर फोननंबर लिहून त्याची शुक्रवारची दुपार नेहमीसारखी जांभया देत संपली असती. "पाण्यात पडलं होतं," काउंटरपलीकडच्या बाई म्हणाल्या. साठीच्या असतील, केस घट्ट बांधलेले, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तो म्हणाला, "वाळवून बघतो. कधी कधी होतात चालू. ज्यांचं आहे त्यांनाच घेऊन या, म्हणजे आवाज नीट लावून देता येईल." "त्यांना आता लागत नाही," बाई म्हणाल्या. तो कापसाकडे बघत राहिला. मग कशाला दुरुस्त करायचं, हे त्यानं विचारायच्या आधीच बाईंनी उत्तर दिलं, "बंद पडलेलं घरात ठेवायचं नाही मला. चालू करून द्या. सोमवारी येते." कुठल्या पाण्यात, हा एवढासा प्रश्न त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आला आणि बसथांब्यावर एखादा म्हातारा बसतो तसा तिथंच बसून राहिला. बाई गेल्या. दार मिटलं. यंत्राच्या पोटावर लाल ठिपका होता. उजव्या कानाच्या यंत्रावर लाल ठिपका असतो, डाव्या कानाच्या यंत्रावर निळा. त्यात विशेष काही नाही. जगातले निम्मे कान उजवेच आहेत.

तो डॉक्टर नव्हता, पण मित्र त्याला डॉक्टर म्हणत, आणि म्हणताना एक डोळा किंचित मिटत. तो कान तपासायचा. दुकानाच्या मागच्या बाजूला जाड अस्तर लावलेली एक कपाटाएवढी खोली होती. तीत गिऱ्हाइकाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, काचेच्या अलीकडून एकेक सूर सोडायचा आणि वही भरायची. "ऐकू आलं की बोट वर करा. कितीही बारीक असलं तरी करा." हे वाक्य तो वीस वर्षं म्हणत आला होता. घरी जेवताना बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली, की तिचा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, ताटावरून एक बोट वर करून म्हणायचा, "ऐकू आलं, डॉक्टरसाहेब!" आणि सगळे हसायचे. काचेमागे बसून बसून त्याला माणसं कळली होती. काही जण सूर नसतानाही बोट वर करतात, लाजेनं किंवा समोरच्याला बरं वाटावं म्हणून. काहींचं बोट उशिरा येतं, कारण त्यांचा स्वतःवर विश्वास नसतो. पण एक तिसरा प्रकार असतो, अगदी क्वचित. त्यांना ऐकू येतं. डोळ्यांत कळतं, की आलं. आणि बोट मांडीवरच राहतं. का, हे त्याला वीस वर्षांत उमगलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी उमगलं.

माणूस तसा सज्जन, म्हणजे वाईट वागायची संधी त्याच्या वाट्याला फारशी आलेली नव्हती. कान मात्र असे तिखट, की शेजारच्या घरातला फ्रीज बंद पडला तर याला जाग यायची. बायको म्हणायची, "अहो, भिंतीतल्या मुंग्यांची भांडणं ऐकू येतात तुम्हाला, आणि मी दूध आणा म्हटलेलं येत नाही." अशा माणसानं खरं तर रविवारी घरात पडून राहावं. पण शाळेपासूनचा एक मित्र होता, फरशीवाला. शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांतल्या फरश्या त्याच्या दुकानातल्या, आणि आयुष्यभर गुळगुळीत वस्तू विकल्यामुळे त्याला खडबडीताचं वेड लागलं होतं. त्यानं एक जुनी जीप घेतली होती. तिचं नाव आत्या. चढाला लागली की कण्हायची, टोमणे मारायची, आता माझ्याच्यानं होत नाही म्हणायची आणि शेवटी सगळं करायची, म्हणून आत्या. तिसरा हा मेहुणा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सरळ वर आणि सरळ खाली, यापलीकडे हप्ताभर काही बघायला मिळत नसल्यामुळे रविवारी त्याला वाकडं जायचं असायचं. तिघं मिळून डोंगरउतारांवरून, ओढ्यांतून, आटलेल्या नद्यांच्या पात्रांतून आत्याला हाकायचे, आणि संध्याकाळी अंग मोडून आलं की फार छान झालं म्हणायचे.

अशा दगडवाटांना जाणाऱ्या टोळ्या बऱ्याच होत्या आणि त्यांची आपापसांत एक खोडी ठरलेली होती. दुसऱ्या टोळीची गाडी उभी दिसली, की मालकाला कळू न देता तिच्या एका चाकाच्या व्हॉल्व्हवरचं टोपण काढून आणायचं. बोटाच्या पेराएवढं ते टोपण, धूळ जाऊ नये म्हणून असतं. ते नसलं तरी हवा जात नाही, गाडी अडत नाही. कुणाचं काही बिघडत नाही, असं सगळे म्हणत, आणि खरंच बिघडत नसे. आत्याच्या आरशाला एका दोऱ्यात अशी चौदा टोपणं लटकत होती, नऊ मेहुण्याची, पाच फरशीवाल्याची. त्याचं एकही नव्हतं. दर रविवारी कुणीतरी तो दोरा हलवून वाजवायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, यात तुमचा सूर कुठला?"

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी नदीत उतरायच्या आधी ते दोघं रीतीप्रमाणे चाकांमधली निम्मी हवा सोडत होते. दगडांत मऊ चाक बरं, ते धोंड्याला धरून चालतं. याला काम नव्हतं, म्हणून काठावरची गंजलेली पाटी त्यानं वाचली. धरणाचा भोंगा तीनदा वाजल्यास नदीचे पात्र तात्काळ सोडावे, पाणी येईल. वाचली, जशा आपण पाट्या वाचतो. सांगण्यासारखं त्यात काय होतं? पाट्या सगळीकडे असतात. मग आत्या खाली उतरली आणि पुढचा तासभर त्याला आठवतो तो दातांमध्ये. एक चाक हवेत, एक पाण्यात, पोटाखालून लोखंडावर दगड घासल्याचा तो लांबट आवाज, क्लचचा जळका वास, आणि पुढं गुडघाभर पाण्यात उलटा चालत हातवारे करणारा मेहुणा, "डावीकडे, डावीकडे, अरे आत्याला चष्मा लावा कुणीतरी!" दोन्ही बाजूंना उंच दरडी. वर आभाळाची एक पट्टी. आपण एखाद्याच्या घशातून चाललोय, असं त्याला वाटलं आणि ते त्यानं बोलून दाखवलं नाही, कारण दोघं हसले असते.

वळणावर, एका झुकलेल्या खडकाच्या सावलीत, करड्या रंगाची एक जीप उभी होती. बाजूच्या खिडकीला टॉवेल अडकवलेला, आरशावर मोजे वाळत घातलेले. आसपास कुणी नाही. फरशीवाल्यानं आत्याला दोनशे पावलं अलीकडेच एका धोंड्याआड थांबवलं. "मालक पोहायला गेलाय. डॉक्टर, आज तुझी पाळी." "मी नाही." "भावजी, ताईला सांगेन हं. म्हणेन, तुझा नवरा टोपणाला घाबरला." तो गेला. वाकून, गोट्यांवर पाय न वाजवता गेला, आणि आपल्याला हे इतकं चांगलं जमतंय याचं त्याला नवल वाटलं. मागच्या चाकाशी बसला. टोपण तीन फेऱ्यांत निघालं. एवढ्यावर उठायचं होतं. पण व्हॉल्व्हच्या तोंडातली ती बारीक पितळी सुई त्याला दिसली, आणि त्यानं तिच्यावर नख ठेवलं. का ठेवलं? वीस वर्षं तो यंत्रातून निघालेले सूर ऐकत होता, प्रत्येकाला आकडा असलेले. हा सूर कुणी मोजलेला नव्हता. वाफेसारखा सुरू झाला, मग जाड झाला, त्याच्या नखाखाली थरथरायला लागला, रबराचा कोमट वास आला. दहा आकडे होईपर्यंत दाबायचं असं त्यानं ठरवलं आणि मोजायचं विसरला. दगडांसाठी निम्मी केलेली हवा, तिची उरलेली निम्मीही गेली. थकलेलं जनावर गुडघे टेकतं तशी ती जीप त्या कोपऱ्यात हळूच खाली बसली. तो उठला, तेव्हा टॉवेलाच्या कडेनं त्याला आतलं दिसलं. एका माणसाचा तळपाय. अंगठा हलत होता, झोपेत हलतो तसा. आणि समोर, स्टिअरिंगपाशी, सोललेल्या शेंगदाण्याएवढं एक यंत्र, लाल ठिपक्याचं. कानातून काढून ठेवलेलं. म्हणूनच हा उठला नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढची गोष्ट त्याला सगळ्यांत नीट आठवते. त्याला आनंद झाला.

परतल्यावर मेहुण्यानं त्याला उचललंच. "भावजी, नाव काढलंत! कुणी होतं का आत?" "आत कुणी नाही," तो म्हणाला. इतकं सहज, की आधी पाठ करून ठेवलं असावं. टोपण दोऱ्यात ओवायला मात्र त्यानं दिलं नाही. "पहिलंच आहे. राहू दे माझ्याकडे." मग लांबून वळसा घालून ते पुढं गेले, पलीकडच्या काठावर चढले, थर्मासमधला चहा निघाला, उकडलेली अंडी निघाली. मेहुणा अंडी आत्याच्या कपाळावर आपटून फोडत होता आणि दर वेळी तिची माफी मागत होता. फरशीवाला पंपानं चाकांत हवा भरत होता, पंप ठकठक करत होता. आणि त्या सगळ्याच्या खाली, वरच्या अंगाला, डोंगराच्या मागं, तो भोंगा वाजला. लांब, सरळ, मधे न थांबता. त्यानं मान उचलली. "काय झालं भावजी?" "कुठं काय." दुसऱ्यांदा वाजला. परत जायला दहा मिनिटं लागली असती. काच वाजवायची, माणूस उठवायचा. माणूस खाली उतरणार, चाक बघणार, कुणी केलं म्हणणार. मग हे दोघं बघणार, आत कुणी नव्हतं ना म्हणणार. दहा मिनिटांची वाट आणि पुढं जन्मभर, आत्याच्या आरशाला लटकणारी ती गोष्ट. तिसऱ्यांदा वाजला. तोंडातलं अंडं त्यानं नीट चावलं. मीठ कमी होतं, हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं. बोट मांडीवरच राहिलं.

परतीच्या रस्त्यावर पूल लागतो. पुलाखाली नदी या काठापासून त्या काठापर्यंत होती, तपकिरी, घाईत असलेली, आणि आवाज मात्र अगदी थोडा. "अरे बाप रे," मेहुणा फोटो काढत म्हणाला, "मघाशी आपण तिथून आलो ना? वेळ बघा काय साधली आपण!" नंतरचे तीन आठवडे त्यानं वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचलं. काही आलेलं नव्हतं. म्हणजे काही झालं नव्हतं, किंवा कुणाला कळलं नव्हतं, किंवा पेपरवाल्यांकडं त्या दिवशी जागा नव्हती. किटलीची शिट्टी, वळणाऱ्या बसचा ब्रेक, शाळेची घंटा, सगळ्यांच्या खाली त्याला तो भोंगा ऐकू यायला लागला. जेवताना घास हातात धरून थांबायचा. बायको म्हणायची, "अहो, कसला कानोसा घेताय? चोर आलाय का वरच्या मजल्यावर?" आणि तपासणीच्या खोलीत एखाद्या म्हाताऱ्याचं बोट खालीच राहिलं, की तो आवाज वाढवायचा, आणखी वाढवायचा, म्हातारा दचकून हेडफोन काढेपर्यंत वाढवायचा.

त्या शुक्रवारी दुकान रिकामं झाल्यावर त्यानं बाईंचं यंत्र भिंगाखाली घेतलं. मऊ ब्रशनं झाडलं, तर कागदावर वाळू पडली, चिमूटभरसुद्धा नाही, आणि तिच्यात अभ्रकाचे कण चमकले. त्या नदीची वाळू चमकायची, आत्याच्या पायपुसण्यांतून अजून निघत होती. पण चमकणारी वाळू काय जगात एकाच नदीला दिलीये? बाईंना फोन करता आला असता. चिठ्ठीवर नंबर होता. त्यानं तो दोनदा वाचला आणि चिठ्ठी उलटी ठेवली. त्याऐवजी गरम हवेनं यंत्र वाळवलं, नवा सेल घातला, झाकण लावलं, आणि ते मुठीत आलं तशी मूठ किंचाळली. यंत्र चालू असलं आणि मुठीत धरलं की शिट्टी घालतं, हे त्याला ठाऊक होतं, दिवसातून दहादा घालायचं. तरी त्यानं ते टेबलावर टाकलं. मेलेलं समजून उचललं आणि जिवंत निघालं. संध्याकाळी फरशीवाल्याचा फोन आला, "डॉक्टर, रविवारी परत तीच नदी. या वेळी नाही म्हणालास तर आत्या रुसेल." दोन रविवार त्यानं टाळले होते. या वेळी हो म्हणाला. जीप तिथं नसली तर माणूस निघून गेला. असली तर नाही. इतकं सोपं होतं ते, त्याला वाटलं.

रविवारी शर्टाच्या खिशात टोपण होतं आणि टोपणाशेजारी ते यंत्र. घरी का ठेवलं नाही, सांगता आलं नसतं. काठावर पोचले, चाकांमधली हवा सोडायला लागले, आणि तो सूं ऐकताना त्यानं पाटीकडे पाठ केली. पात्रात शिरल्यावर पाच मिनिटांत त्यानं फरशीवाल्याच्या खांद्यावर हात टाकला. "थांब. इंजिन बंद कर." बंद केलं. पाणी, पाखरं, तापलेल्या लोखंडाची टिकटिक. "काय?" "काही नाही. वाटलं." पुढच्या डोहापाशी परत तेच. मेहुण्यानं मागच्या सीटवरून बोट वर केलं, "ऐकू आलं, डॉक्टरसाहेब!" फरशीवाला हसला नाही. "हे बघ, चढावर मधे बंद केली की आत्या परत उठत नाही. आता तिसऱ्यांदा थांबवलंस, तर तुला उतरवून ती एकटी पुढं जाईल."

वळण आलं. झुकलेला खडक होता. त्याखाली काही नव्हतं. गोटेसुद्धा नव्हते, नुसती वाळू, इतकी सपाट, की कुणीतरी अंथरूण झटकावं, चादर ताणून घालावी आणि कामावर निघून जावं. तो उतरला. खडकाच्या पोटाशी डोक्याच्या वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, वाळलेल्या गवताची एक ओळ चिकटली होती, पाणी तिथवर चढलं होतं. खाली त्यानं पायानं वाळू उकरली. बसून हातानं उकरली. "काय हरवलंय?" फरशीवाला आला. "ती जीप. करडी." "मग? गेली. माणसं रविवारी संध्याकाळी घरी जातात, डॉक्टर. बायका वाट बघत असतात." हे इतकं सरळ होतं, की त्याला ते हवंहवंसं वाटलं. निघून गेलेल्याची खूण पाणी पुसतं. न गेलेल्याचीही पुसतं. हातात वाळू चमकत होती. मेहुणा म्हणाला, "भावजी, एका टोपणासाठी इतकं? द्या, परत नेऊन देऊ त्याला. पत्ता काढू." तो हो म्हणणार होता. सूर नसतानाही बोट वर करणारी माणसं त्याला आठवली, त्यांचे ते सुटल्यासारखे चेहरे. समोरच्याला बरं वाटतं, आपल्यालाही वाटतं, तपासणी संपते, घरी जाता येतं. त्यानं उठायला म्हणून खिशावर हात ठेवला आणि तेव्हा वरच्या अंगानं, डोंगरामागं, तो वाजला.

दोघांचं काही हललं नाही. फरशीवाला चाकाला पायानं दाबून बघत होता. मेहुणा पाण्यात चपटा दगड भिरकावत होता. तीन आठवडे हेच चाललं होतं, जेवताना, झोपताना, आज सकाळपासून दोनदा. गिऱ्हाइकाला कान वाजताहेत की खरंच काही ऐकू येतंय, हे कळेनासं झालं की तो एक साधी युक्ती सांगायचा. डोळे मिटा. श्वास धरा. नसलेला आवाज जवळ येतो, असलेला आहे तिथंच राहतो. त्यानं डोळे मिटले. श्वास धरला. छातीत धपधप झालं, खिशातलं यंत्र कापडाशी घासून बारीक कुजबुजलं. आणि तो आवाज होता तिथंच राहिला. वर, डोंगरापलीकडं, स्वतःच्या जागी.

त्यानं बोट वर केलं.

"आलं का परत?" फरशीवाला म्हणाला.

"भोंगा आहे. धरणाचा. तीनदा वाजतो आणि पाणी येतं. काठावर पाटी आहे. गाडीत बसा."

"कसला भोंगा? मला तर काही येत नाही ऐकू. आणि तुला रे काय माहीत, तीनदा वाजतो की तेरादा?"

इथंच तो थांबला असता. त्या दिवशीची ती दहा मिनिटांची वाट इथं, या प्रश्नापाशी येऊन पडली होती. "त्या दिवशीही वाजला होता," तो म्हणाला. "आपण अंडी खात होतो. मी ऐकला, तिन्ही वेळा. आणि त्या जीपची हवा मी सोडली होती. नुसतं टोपण नव्हतं काढलं. सगळी सोडली. आत माणूस झोपला होता. त्याला ऐकू येत नव्हतं, यंत्र काढून ठेवलेलं होतं समोर. मी बघितलं."

फरशीवाल्यानं चाकावरचा पाय खाली घेतला. "आत कुणी नाही म्हणालास तू."

"म्हणालो."

फरशीवाला त्याच्याकडे बघत होता, आणि नवी फरशी ठोकून पोकळ निघाली की त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. मग मेहुण्याला ते सोसवेना. घरात ताईचं आणि भावजींचं वाजलं, की मधे पडून सगळ्यांना हसवायची त्याची जुनी सवय. त्यानं हातातला चपटा दगड टाकला, एक बोट वर केलं, मान तिरकी केली, आणि अगदी जेवणाच्या टेबलावर म्हणायचा तसं म्हणाला, "मलाही आलं हं ऐकू, डॉक्टरसा—"

शब्द अर्धाच राहिला. हसू तोंडावर तसंच होतं, कुणी विसरून गेल्यासारखं. मग तेही हळूहळू गेलं. त्याची नजर डोंगराकडे वळली. बोट मात्र खाली आलं नाही.